मंडळीत नवीन आहात? कानाशी येणाऱ्या गोष्टींचं काय करायचं

लग्न होऊन, बदली होऊन, नोकरीसाठी शहरात येऊन किंवा नुकताच बाप्तिस्मा घेऊन तुम्ही एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायला लागलात की पहिल्या महिन्याभरात तीन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी तुम्हाला गायनमंडळात ओढतं. कोणीतरी रविवारी जेवायला बोलावतं. आणि कोणीतरी उपासनेनंतर, चहाचा कप हातात असतानाच, तुमचं कोपर धरून बाजूला नेतं आणि म्हणतं, "तू नवीन आहेस म्हणून सांगते हं, पण..."

हा लेख त्या 'पण'च्या पुढच्या वाक्यासाठी आहे.

माझं माहेर नगरचं, सासर पुण्याचं. दोन्हीकडचं मिळून चाळीसेक वर्षं मी मंडळीच्या बाकावर बसले आहे, शब्बाथशाळा शिकवली आहे, महिला मंडळाची चिटणीस होते. चहाडी ऐकली आहे, केली आहे, माझ्याविषयी झालीही आहे. उपदेशात हा विषय निघतो तेव्हा तो बहुधा 'जिभेला लगाम घाला' इथवर येऊन थांबतो. लगामाचं चित्र याकोबाच्या पत्रातलं आहे आणि खरंही आहे. पण कोपर धरून उभ्या असलेल्या मावशींना त्या क्षणी नेमकं काय म्हणायचं, ते त्यातून कळत नाही. म्हणून पायरी-पायरीने लिहिते.

पहिली पायरी: चहाडी ओळखा

चहाडी, चुगली, लावालावी, कानभरणी, कुचाळक्या, निंदानालस्ती. मराठीत या एका सवयीला इतके शब्द आहेत, त्यावरूनच आपला सराव कळावा. यातला घोटाळा असा की बहुतेकांना वाटतं, खोटं सांगितलं तरच ती चहाडी. "अगं, मी खोटं थोडंच बोलतेय? विचार कोणालाही!" हे वाक्य तुम्ही ऐकालच. पण गोष्ट खरी असली म्हणून सुटका होत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २४७७ मध्ये तीन वेगवेगळे दोष सांगितले आहेत: पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरवणं, एखाद्याचा खरा दोष सबळ कारण नसताना ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांच्यासमोर उघडा करणं, आणि खोटं बालंट घेणं. मधला दोष वाचून मी स्वतः दचकले होते. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चहाड्या त्यातच बसतात.

'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा वसईच्या कॅथलिक घरात आठवी म्हणून पाठ करतात आणि नगरच्या आमच्या घरात नववी म्हणून. आकड्यात फरक, आज्ञा तीच. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत तिचा अर्थ सांगताना नुसतं 'करू नको' म्हटलेलं नाही. शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याविषयी चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा, असं तो म्हणतो. १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी आणखी एक भर घालते: कोणाचंही म्हणणं ऐकून न घेता त्याला दोषी ठरवण्यात सामील होऊ नका.

मग गैरहजर माणसाविषयी बोलायचंच नाही का? तसं नाही. अमक्यांच्या सुनेला मुलगी झाली, तमके मामा दवाखान्यात आहेत, डबा द्यायला कोण जातंय, हे बोलणं नसेल तर मंडळी चालणारच नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट बरोबर पत्त्यावर चालली आहे का? ज्याला ती कळली तर काहीतरी दुरुस्त होईल, अशा माणसाकडे?

याचं उत्तम उदाहरण पौलाच्या पत्रात आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, हे पौलाला कळलं कसं? कोणीतरी सांगितलं म्हणूनच. पण पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो उघड लिहितो की हे मला ख्लोवेच्या माणसांकडून कळलं. सांगणाऱ्यांचं नाव लपवलेलं नाही, सांगितलं ते त्या मंडळीची जबाबदारी असलेल्या माणसाला, आणि त्याने ते सगळ्यांसमोर ठेवलं ते भांडण मिटवायला. आता आपली गोष्ट याच्याशेजारी ठेवून बघा. 'माझं नाव घेऊ नको हं' हे शब्द आले, की पत्ता चुकला असं समजा.

दुसरी पायरी: गोष्टी तुमच्याकडेच का येतात ते समजून घ्या

तुम्ही फार विश्वासू दिसता म्हणून नव्हे. राग मानू नका, पण तुमचे कान कोरे आहेत म्हणून. जुन्या माणसांनी ती गोष्ट दहादा ऐकलेली असते, त्यांना दुसरी बाजूही ठाऊक असते. तुमच्यापुढे ती पहिल्यांदा सांगता येते, हवी तशी सांगता येते. शिवाय प्रत्येक जुन्या मंडळीत एखादं वीस वर्षांचं भांडण असतं: पंचांच्या निवडणुकीचं, जमिनीचं, कोणाच्या लग्नात कोणाला बोलावलं नाही याचं. त्यात नवीन माणूस म्हणजे नवीन मत. तुम्हाला अजून पेटीवाल्या काकांचं नाव माहीत नसतं आणि ते कोणाशी का बोलत नाहीत हे मात्र कळलेलं असतं.

आपलाही त्यात वाटा असतो. नव्या जागी एकटं वाटतं. कोणी विश्वासात घेऊन काही सांगितलं की आपण 'आतले' झालो असं वाटतं. नीतिसूत्रात चहाडखोराच्या शब्दांना चविष्ट घासांची उपमा आहे, पार पोटात उतरणाऱ्या. तेच सूत्र १८:८ ला आहे आणि जसंच्या तसं पुन्हा २६:२२ ला आहे. संकलन करणाऱ्यांकडून ते दोनदा का आलं असेल ते असो. मला तरी दोनदा ऐकल्याशिवाय पटलं नाही.

घासांवरून सीबा आठवतो. मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे दावीद राजा यरुशलेम सोडून पळत होता. उपाशी, थकलेला, कोण आपलं नि कोण परकं हे कळत नसलेला. त्या वेळी आधीच्या शौल राजाचा नातू मफीबोशेथ, त्याचा चाकर सीबा दोन गाढवं घेऊन वाटेत उभा: दोनशे भाकरी, खिसमिसांचे शंभर घड, उन्हाळी फळं, द्राक्षारसाचा बुधला. आणि त्याबरोबर एक बातमी. तुझा मफीबोशेथ मागे राहिला, कारण राज्य आता आपल्यालाच मिळणार असं त्याला वाटतंय! दावीदाने तिथल्या तिथे मफीबोशेथाची सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकली. (२ शमुवेल, अध्याय १६.) तीन अध्यायांनंतर राजा परत आला तेव्हा मफीबोशेथ भेटायला आला. पायांची निगा नाही, दाढी नीट केलेली नाही, राजा गेल्या दिवसापासून कपडे धुतलेले नाहीत. तो म्हणाला, मी पायांनी अधू, चाकराने मला फसवलं. दावीदाने काय करावं? जमीन दोघांत वाटून घ्या म्हणाला. म्हणजे सत्य काय ते त्याने शेवटपर्यंत शोधलंच नाही, आणि आधी दिलेला निकाल पुरता मागेही घेतला नाही.

नव्या मंडळीतला तुमचा पहिला महिना जवळजवळ दावीदासारखाच असतो. जो जेवू घालतो त्याची बातमी खरी वाटते. जेवण जेवा, आभार माना, पुढच्या वेळी तुम्ही बोलवा. मत मात्र सहा महिने बनवू नका. कोणाविषयी काय ऐकलंत ते बाजूला ठेवा आणि त्या माणसाबरोबर एकदा तरी सतरंजी उचला, खुर्च्या लावा, नाताळच्या नाटकाची तालीम करा. माणूस तिथे कळतो.

तिसरी पायरी: त्या क्षणी काय म्हणायचं

इथे बहुतेक जण अडकतात, कारण समोरची व्यक्ती वयाने मोठी असते. सुनेने मावशींना 'हे पाप आहे' म्हणावं, हे आपल्याकडे होणार नाही, आणि होऊही नये. उपदेश केला की मावशी दुखावतात आणि पुढची गोष्ट तुमच्याविषयी होते.

मी वापरून बघितलेली काही वाक्यं देते.

मोठ्यांपुढे: "मावशी, मला अजून सगळ्यांची नावंसुद्धा पाठ नाहीत, माझ्या डोक्यात घोळ होईल. तुम्ही ती चटणी कशी केली होती ते सांगा आधी." हे टाळणंच आहे, मान्य. पण पहिल्या वेळी टाळणं पुरतं.

बरोबरीच्या मैत्रिणीपुढे: "तू हे तिला बोललीस का? चल, मी येते तुझ्याबरोबर." या वाक्यात जादू आहे. दहातल्या आठ वेळा गोष्ट तिथेच संपते. उरलेल्या दोन वेळा मैत्रीण खरंच म्हणते, "येशील?" तेव्हा मात्र जावं लागतं. उगीच म्हणायचं नाही.

कोणी तुमच्याकडूनच काही काढून घेऊ बघत असेल तर: "त्यांचं त्यांनाच विचारा ना, मला अर्धवट माहिती आहे." तुम्हाला पूर्ण माहिती असली तरी हे खोटं नाही. दुसऱ्याच्या आयुष्याची माहिती आपल्याकडे अर्धवटच असते.

आणि पाळकसाहेबांविषयी, पाळकबाईंविषयी काही ऐकलंत तर जास्त जपा. तीमथ्याला पौल सांगतो की मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नको. याचा अर्थ त्यांना काही विचारायचं नाही असा नव्हे. लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो, जे पाप करतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखव. दोन्ही वचनं एकत्र वाचायची. सोयीचं एकच वाचायची सवय दोन्ही पक्षांना असते.

हे एकट्याने पाळणं अवघड जातं, म्हणून लोकांनी मिळून नियम केले. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १७५२ मध्ये एका करारावर सह्या केल्या. त्याचा सारांश असा: एकमेकांविषयी वाईट ऐकायचं नाही, मुद्दाम विचारायचंही नाही; कानावर आलंच तर पटकन विश्वास ठेवायचा नाही; जे ऐकलं ते लवकरात लवकर त्याच माणसाला सांगायचं किंवा लिहायचं; आणि तोवर तिसऱ्यापाशी त्याचं एक अक्षर काढायचं नाही. हिटलरच्या काळात जर्मन पाळक दीट्रिख बोनहोफर फिंकेनवाल्डला पाळकांचं प्रशिक्षण चालवत होता. तिथेही नियम होता की गैरहजर भावाविषयी बोलायचं नाही, आणि बोललो तर नंतर त्याला जाऊन तसं सांगायचं. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद पाडली. बाहेर एवढं संकट असताना आत या नियमाची गरज पडली, यावर मी कितीदा तरी विचार केला आहे. कदाचित संकट होतं म्हणूनच पडली असेल. एकमेकांवरचा भरवसा गेला असता तर त्यांच्याकडे दुसरं काय उरलं असतं?

तुमच्या घरसभेत चार-पाच जणांनी मिळून असं काही ठरवता येतं. सह्या नकोत, नुसतं तोंडी ठरवलं तरी चालतं.

चौथी पायरी: प्रार्थनाविनंती जपून मांडा

आता सगळ्यात नाजूक जागा. बाजारात चहाडी चहाडीच्या कपड्यात फिरते. मंडळीत ती डोक्यावर पदर घेऊन येते. "प्रार्थनेत ठेवा हं, त्यांच्या घरी जरा बरं नाही चाललेलं." मग तीन मिनिटं काय बरं चाललेलं नाही याचं वर्णन, आणि अर्धा मिनिट प्रार्थना.

माझी गोष्ट सांगते. आमच्या महिला मंडळातली एक बहीण माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडता निवडता रडली होती. मुलाने इंजिनिअरिंग सोडलं होतं, प्यायला लागला होता. मला खरंच वाईट वाटलं. बुधवारच्या सभेत मी विनंती मांडली. नाव घेतलं नाही, याचा मला अभिमानच होता. 'आपल्यातल्या एका भगिनीचा मुलगा, शेवटच्या वर्षाला होता' एवढंच म्हटलं. खोलीत सोळा बायका. शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा एकीचाच. मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले तोवर सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही. माझा हेतू चांगला होता, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. आता सांगत नाही.

त्यानंतर मी काही गोष्टी पाळते. पहिली म्हणजे परवानगी. "हे मंडळात सांगू का? काय सांगू आणि कितपत सांगू?" असं त्याच माणसाला विचारायचं. 'नको' म्हणाली तर घरी एकटीने प्रार्थना करायची. देवाला सोळा जणींचा कोरम लागत नाही. दुसरी, गरज सांगायची, कारण सांगायचं नाही. 'या घराला शांती आणि धीर मिळावा' इतकं पुरतं. तिसरी मी ठेच लागून शिकले: कोडं घालायचं नाही. 'एक भगिनी', 'एक तरुण', 'जवळच राहणारं एक कुटुंब' असं म्हटलं की खोलीतली प्रत्येक बाई कोडं सोडवायला बसते, आणि चुकीचं उत्तर निघालं तर दुसऱ्याच घराची बदनामी होते. नाव घेण्याची परवानगी असेल तर सरळ नाव घ्या, नसेल तर विषयच काढू नका.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चार जण एका पक्षाघाती माणसाला येशूकडे आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उघडून बाज खाली सोडतात. त्या चौघांचं एकही वाक्य तिथे लिहिलेलं नाही. तो कशाने आजारी पडला, घरचे कसे वागतात, काही नाही. बाज उचलली, वर नेली, खाली सोडली. मध्यस्थीची प्रार्थना कशी करायची असं शब्बाथशाळेतली मुलं विचारायची तेव्हा मी हीच गोष्ट सांगायची.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपविषयी थोडक्यात: तोंडी बोललेलं लोक विसरतात, लिहिलेलं फिरत राहतं. कोणाच्या तपासणीचा रिपोर्ट, दवाखान्यातला फोटो, पोरीच्या मोडलेल्या लग्नाची बातमी, यातलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नका आणि आलेलं पुढे पाठवू नका. दुसऱ्याच्या खासगी निरोपाचा स्क्रीनशॉट काढून दाखवणं ही तर पुराव्यानिशी केलेली चहाडी. 'नेमकं काय झालंय त्यांना?' असं कोणी खाली विचारलंच, तर मत्तय ६:८ आठवा: आपण मागण्याआधीच पित्याला आपली गरज ठाऊक असते. ग्रुपला ठाऊक नसलं तरी अडत नाही.

पाचवी पायरी: तक्रार तुमचीच असेल तर

लेवीयच्या १९ व्या अध्यायात तीन वचनं एकापाठोपाठ येतात. १६ वं: आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नको. १७ वं: भावाचा मनात द्वेष धरू नको, त्याला स्पष्टपणे बोल. १८ वं: शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. अठरावं सगळ्यांना पाठ, सोळावं ऐकून माहीत. सतरावं कोणी सांगत नाही, आणि खरी चावी तिथे आहे. तोंडावर बोलायचं नाही असं ठरवलं की राग मनात राहतो, आणि मनात राहिलेला राग मागून बोलायला लागतो.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूने क्रम सांगितला आहे: आधी दोघांतच, एकांतात. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन. तरीही नाही तर मंडळीला. आपण नेमका उलटा जिना उतरतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि ज्याच्याविषयी आहे त्याला सर्वांत शेवटी. ६ सप्टेंबर २०२० रोजी याच भागावर बोलताना पोप फ्रान्सिस यांनी चहाडी ही कोविडपेक्षा भयंकर साथ आहे असं म्हटलं होतं. साथीच्या ऐन भरात हे म्हणायला धाडस लागतं.

प्रत्यक्षात असं करा. रविवारी मंडळीच्या आवारात विषय काढू नका, तिथे चार कान असतातच. फोन करून वेळ मागा, घरी जा. निरोपात लिहू नका. लिहिलेलं वाचणाऱ्याच्या मूडप्रमाणे बदलतं. 'सगळे म्हणतात' हे शब्द घरीच ठेवून जा. जे तुम्ही पाहिलंत, तुम्हाला लागलं, तेवढंच. "दादा, परवा बैठकीत तुम्ही मला मध्येच थांबवलंत, मला फार लागलं ते. तुमच्या मनात काय होतं ते कळावं म्हणून आले." आणि मग गप्प बसा. समोरच्याला काहीतरी वेगळंच म्हणायचं असू शकतं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा गैरसमज निघतो. उरलेल्या निम्म्या वेळी भांडण होतं, पण ते दोघांत राहतं.

इथे गप्प बसायचं नाही

चहाडीविरुद्धची वचनं काही वेळा चुकीच्या लोकांच्या हातात पडतात. कोणी मारहाणीविषयी, पैशाच्या अफरातफरीविषयी, मुलांशी वाईट वागण्याविषयी बोलू लागलं की त्यांना 'चहाड्या करू नका, मंडळीची बदनामी होते' असं सांगून बसवलं जातं. हे मी पाहिलं आहे, आणि त्यात वचन वापरणाऱ्याचा दोष मला चहाडखोरापेक्षा मोठा वाटतो. लेवीय १९:१६ चं दुसरं अर्धं वाचा: शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना नुसतं बघत उभं राहू नको.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. आधी मंडळीची परवानगी घ्यायची नसते. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२. आणि मार खाणाऱ्या बाईला 'मत्तय १८ प्रमाणे आधी एकटी जाऊन त्याच्याशी बोल' असं कधीही सांगू नका. तो क्रम दोन भावांमधल्या अपराधासाठी आहे. जिच्या जिवाला धोका आहे तिला त्याच खोलीत परत पाठवण्यासाठी नाही.

पैशाचं असेल तर पत्ता वेगळा: कागद घेऊन खजिनदार, मग पंच, मग वरची समिती. चहाच्या टेबलावर नको.

बोलून बसलात तर

कोंबडीची पिसं उपटत गावभर फिरलेल्या बाईची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संत फिलिप नेरी यांच्या नावावर ती सांगतात: आता जाऊन सगळी पिसं गोळा कर, म्हणे. गोष्ट चांगली आहे, पण मला तिच्याविषयी तक्रार आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, पिसं तर उडाली, आता काय करणार, देवाची क्षमा मागू आणि सोडून देऊ. पिसं मोजता येत नाहीत, माणसं येतात. मी कोणकोणाला सांगितलं हे मला पक्कं ठाऊक होतं: सोळा जणी.

आधी ऐकणाऱ्यांकडे जा. "मी परवा ते बोलले ते मला सांगायला नको होतं. पुढे सांगू नका, आणि सांगितलं असेल तर मला सांगा, मी त्यांच्याकडेही जाते." लाज वाटते. वाटू द्या. पुढच्या वेळी तोंड उघडताना तीच आठवते.

मग त्या माणसाकडे, पण त्याला गोष्ट कळलेली असेल तर. त्याच्या कानावर काहीच गेलेलं नसताना 'मी तुमच्याविषयी असं बोलले' हे सांगून आपलं मन हलकं करणं म्हणजे कधी कधी आपलं ओझं त्याच्या खांद्यावर ठेवणं. अशा वेळी आधी पाळकांशी किंवा पापनिवेदनात फादरांशी बोला. कळलेलं असेल तर सबबी नकोत. मी गेले तेव्हा 'हेतू प्रार्थनेचा होता' हे वाक्य जिन्यावरच गिळलं. तिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "मी तुझ्याकडे रडले होते, मंडळात नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मंडळात परत आली ती वर्षभराने, आणि आजही माझ्या शेजारी बसत नाही. तो तिचा हक्क आहे.

आणि त्या मावशी?

प्रत्येक मंडळीत एक नाव असतं ज्याविषयी सगळे म्हणतात, "यांना काही सांगू नका, गावभर होईल." हे सांगणंही चहाडीच, हे कोणाच्या लक्षात येत नाही. नवीन माणसाने या मावशींचं काय करावं?

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन मोशेच्या कूशी बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलतात. मिर्यामला कोड फुटतं, सात दिवस छावणीबाहेर राहावं लागतं. शिक्षेची गोष्ट सगळे सांगतात. पण मोशे, ज्याच्याविषयी ती बोलली तोच, देवाकडे ओरडून तिच्यासाठी रदबदली करतो. आणि पंधराव्या वचनात लिहिलंय की मिर्यामला परत आत आणेपर्यंत लोकांनी पुढे कूच केलं नाही. सगळी छावणी तिच्यासाठी सात दिवस थांबली.

या मावशी बहुधा एकट्या असतात. मुलं परगावी किंवा परदेशी, दुपार लांब, आणि बातमी असली की लोक जवळ येऊन बसतात हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कळलेलं. तेव्हा आठवड्यातल्या एखाद्या दुपारी त्यांच्याकडे जा. जाताना काहीतरी खायला न्या. त्या कोणाचा विषय काढतील. तुम्ही त्यांचाच काढा. माहेर कुठलं, बाप्तिस्मा कोणी दिला, लग्नात कुठलं गीत गायलं होतं. पहिल्या वेळी जमणार नाही, दुसऱ्या वेळीही त्या शेजारच्या सुनेवर घसरतील. तिसऱ्या वेळी जुना अल्बम काढतील. तो बघायला दोन तास लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवून जा.